लिंबाखालचं लेकरू

इतिहासात एम.ए. करते म्हटलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्या आईकडं. "बरंय, लग्न होईपर्यंत काहीतरी पाहिजेच की," असं तोंडावर म्हणतात. आधी मला राग यायचा. आता येत नाही, कारण आमच्या कॉलेजातला इतिहास विभाग आतून बघितला तर त्यांचंच खरं आहे. शी! दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

तुळजापूरच्या बाहेर आमचं कॉलेज. पटावर वर्ग भरलेला, बाकावर मी आणि उन्हाला कंटाळून आत शिरलेलं एखादं कुत्रं. बाकीचे फॉर्म भरायला येतात आणि परीक्षेला येतात, तेही गाईडची पानं बारीक कातरून, मोज्यात घालून. आमचे रणधीर सर तास घेतात म्हणजे तेच गाईड उघडून वाचतात आणि मधूनमधून म्हणतात, "हे महत्त्वाचं, येतंच." पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "सर, पण हे खरं कशावरून?" सर म्हणाले, "समृद्धी, परीक्षेला खरंखोटं येत नसतं, प्रश्न येतात." बोलून झाल्यावर कुणी हसतंय का बघायला त्यांनी वर्गाकडं बघितलं, पण हसायला तरी कोण होतं!

शेवटच्या सत्राला प्रत्येकानं एक लघुप्रबंध लिहायचा असतो. त्याची आमच्याकडची रीत ठरलेली. फाटकासमोर माणिकप्पाचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. तिथं जायचं आणि म्हणायचं, "इतिहास द्या एक." माणिकप्पा विचारणार, "किल्ला का मंदिर?" किल्ला म्हणजे नळदुर्ग, मंदिर म्हणजे आई तुळजाभवानीचं. दोन्ही त्याच्या कॉम्प्युटरात तयार. वरचं नाव बदललं, सोनेरी अक्षरात बांधून दिलं, की झाला संशोधक. रणधीर सर न उघडता सही ठोकतात. वर्षानुवर्षं पोरं तोच किल्ला चढतायत आणि एकाचाही पाय दुखत नाही.

यंदा वरून नियम आला. किल्ला बंद, मंदिर बंद. आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या माणसाला बोलतं करायचं, त्यानं सोसलेलं-बघितलेलं लिहायचं. वर्गाच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. मी मात्र खूश झाले. मला कुठं लांब जायचंच नव्हतं.

आम्ही ईट गावचे धनगर. वडील एसटीत मेकॅनिक आहेत, पण आजोबांपर्यंत घरात मेंढरंच होती. माझी आजी, हरणाबाई, बहात्तरच्या दुष्काळात घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं ईटपासून नळदुर्ग आणि तिथून खाली कर्नाटकात चालत गेलेली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सुट्टीत घरी गेले, ओट्यावर तिच्या शेजारी बसले. ती सुपात तूर निवडत होती. मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाले, "आजी, बहात्तरचं सांग."

दोन दिवस ती चारा, पाणी, लोकांनी विहिरीवरून कसं हाकललं, तेच सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी सुपातनं मान न उचलता म्हणाली, "नळदुर्गाच्या अलीकडं वढ्याकडंला लिंब हुता. तितं म्या बाळंत झाले. पोरगी हुती."

मी मोबाईल तिच्या आणखी जवळ सरकवला.

"दोन दिस जगली. दूध यायला पोटात कायतरी पायजे का न्हाय? त्याच दिसी एक मेंढी बी व्याली. पोरीला घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आन् लिंबाखाली पुरलं. मेंढरास्नी पानी न्हाय, थांबाया येत न्हाय. कोकरू घोड्यावर बसून फुडं गेलं. माजी पोरगी मागं ऱ्हायली."

वडील दारात बसले होते. त्यांच्या आधी एक बहीण होऊन गेली, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर त्या दिवशी कळलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

"लिहू का हे?" मी विचारलं.

आजीनं विचार केला. "लिव. तिची कुटंच नोंद न्हाय. जलमली त्याची न्हाय, मेली त्याची न्हाय. पर माज्या नावानं लिव. हरणाबाईची पोर म्हनून. दुसऱ्याच्या पदरात पडू दिऊ नगस."

"नाही पडू देणार," मी म्हणाले. ती पुन्हा तूर निवडायला लागली.

मग मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. त्या वाटेवरच्या गावांत हिंडले. आजीबरोबरच्या वाड्यातली, म्हणजे मेंढरांच्या तांड्यातली, दोन म्हातारी माणसं शोधून काढली. लिंब सापडला नाही. तिथं आता ढाबा आहे, ट्रकवाले अंघोळी करतात. तरी तिथं थोडा वेळ उभी राहिले. हाताचं बोट सुजेपर्यंत लिहिलं, प्रकरण झालं की रणधीर सरांना दाखवलं. सरांनी एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त करून दिली. मार्गदर्शन म्हणाल तर एवढंच.

माझ्याकडं कॉम्प्युटर नाही, म्हणून टायपिंगला माणिकप्पाकडंच गेले. टाइप करता करता तो थांबायचा, चष्मा पुसायचा. "लई भारी लिवलंयस गं पोरी. काळजाला हात घातलास." मी म्हणाले, "माणिकप्पा, माझं झालं की तुमच्याकडचं काढून टाका." तो म्हणाला, "व्हय की, ठिवून काय करू म्या?"

मौखिक परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. त्यांच्यापुढं टेबलावर लघुप्रबंधांची चळत आणि चळतीला खेटून गरम भज्यांची ताटली. भजं खायचं, त्याच बोटांनी पान उलटायचं. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी माझा प्रबंध उघडला, दोन पानं चाळली आणि मोठ्यांदा हसले.

"अरे काय हे रणधीर! पुन्हा लिंब, पुन्हा लेकरू! तुमच्याकडं त्या साली एखादं तरी लेकरू घरात मेलं का नाही?"

रणधीर सर हसले. आजीच्या पानावर भज्याच्या तेलाचा अंगठा उमटला होता. मला आधी काही कळेचना. मग मी हात पुढं करून चळतीतला वरचा प्रबंध उचलला. सोनेरी अक्षरं, दिग्विजयचं नाव. दिग्विजय म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव बब्रुवानराव यांचा पोरगा. त्याला मी वर्गात कधी बघितलं नव्हतं, फ्लेक्सवर मात्र दर महिन्याला बघायचे. आत लिहिलं होतं, 'माझी आजी श्रीमती सारजाबाई यांनी मला सांगितले...' आणि पुढं माझं वाक्य न् वाक्य. त्याच्या खालचा उघडला. त्यात तर नाव बदलायचीही तसदी घेतलेली नव्हती. 'माझी आजी हरणाबाई.' त्याखालच्यात तेच. निम्म्या वर्गाला माझीच आजी!

"सर, हे माझं आहे," मी म्हणाले. "ही माझी आजी आहे. माझ्याकडं तिचा आवाज आहे, ऐका तुम्ही."

बाहेरचे सर भजं चावत म्हणाले, "आवाज काय, कुणाच्याही आजीचा असतो."

मी रणधीर सरांकडं बघितलं. त्यांनी माझी हातानं लिहिलेली प्रकरणं वाचली होती, वेलांटी दुरुस्त केली होती. सरांनी पंख्याकडं बघितलं.

"समृद्धी, दिग्विजयनं सगळ्यात आधी जमा केलंय. इतिहासात तारखेला महत्त्व असतं," ते म्हणाले. "तेव्हा नक्कल कुणी कुणाची केली, हे काही मला सांगायला लावू नकोस."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तोंड मिटून बसलेले सगळे पास झाले. मी तोंड उघडलं, म्हणून माझ्या प्रबंधावर शेरा पडला, 'नक्कल. पुन्हा सादर करावा.' बाहेर आल्यावर सर माझ्या मागं आले आणि हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. तुझ्यापुरतं मी बघतो. किल्ल्यावर लिही ना, लगेच सही करतो." त्यांच्या तोंडाला कांदाभज्यांचा वास येत होता. मला ओकारी आली, खरंच आली. मी नळावर जाऊन चुळा भरल्या.

तिथून तडक माणिकप्पाचं दुकान गाठलं. "तुम्ही विकलंत?"

"इकलं म्हनू नगस गं," माणिकप्पा म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात पोरं दारात येऊन बसली. किल्ला चालना, मंदिर चालना, मंग म्या देऊ तरी काय त्येंना? तुजी आजी लई पोरांच्या कामाला आली बघ. पुण्यच लागंल म्हातारीला."

पुण्य! आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बिळाचा दलाल पहिल्यांदाच बघत होते. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आजीचा फोन यायचा. "झालं का गं माजं पुस्तक?" मी म्हणायचे, "होतंय, आजी." ती म्हणायची, "बरं, बरं. घाई न्हाय." तिनं पन्नास वर्षं धीर धरला होता. तिच्या पोरीला ज्याच्या-त्याच्या पदरात वाटून झालंय, हे तिला फोनवर कोणत्या तोंडानं सांगायचं?

एवढ्यावर हे थांबलं असतं तर मीही गप किल्ला चढले असते, कोण जाणे. पण रणधीर सरांना विभागप्रमुख व्हायचं होतं. संस्थेच्या वर्धापनदिनाला त्यांनी एक टूम काढली: दिग्विजयच्या प्रबंधातल्या त्या थोर आजींचा सत्कार. सचिवांच्या मातोश्री, म्हणजे एका दगडात बापही खूश, पोरगाही खूश. मंडपात भला मोठा फ्लेक्स लागला. 'बहात्तरच्या दुष्काळातील वीरमाता सारजाबाई यांचा भव्य सत्कार.' बब्रुवानरावांनी तरी प्रबंध कुठं वाचला होता? आईचा सत्कार म्हटल्यावर ते फेटा बांधून पहिल्या रांगेत येऊन बसले. मीही गेले. का गेले म्हणाल, तर किळस किती येऊ शकते ते बघायला.

सारजाबाई काठी टेकत स्टेजवर आल्या. ठसठशीत कुंकू लावलेली, ताठ म्हातारी. सत्कार कशाचा ते त्यांना कुणी धड सांगितलेलं दिसत नव्हतं; खुर्चीत बसून त्या लोकांना हात जोडत होत्या. रणधीर सरांनी माईक धरला आणि आवाजात पाणी आणून वाचायला लागले. माझी वाक्यं. शेवटी माझ्या आजीचं वाक्य आलं, 'कोकरू घोड्यावर बसून पुढे गेले...' ते मंडपातल्या भोंग्यातून रस्त्यापर्यंत गेलं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. सरांनीही रुमाल काढला.

सारजाबाईंच्या कपाळाला मात्र आठ्या पडत चालल्या होत्या. सरांनी त्यांच्या हातात साडी दिली, नारळ दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "कुनाचं लेकरू म्हनला?"

"तुमचं, आईसाहेब," सर वाकून म्हणाले.

म्हातारीनं माईकच ओढून घेतला.

"माजं? आरं, माजी पाची लेकरं जित्ती हायती. ह्यो काय, ह्यो बब्रुवान फेटा बांधून फुडंच बसलाय. बहात्तरला आमच्या पेवात जुंधळा हुता, माज्या बाळंतपनाला सोलापूरची डॉक्टरीन आनली हुती. म्या कशाला जाऊ लिंबाखाली बाळंत व्हायला?"

मागं पोरं फिसकन हसली. सर माईक घ्यायला पुढं झाले, तर म्हातारीनं काठी आडवी धरली.

"मंग हे लेकरू हाय कुनाचं?"

रणधीर सर हातातली कागदं चाळायला लागले.

"कुन्या बाईचं मेल्यालं लेकरू माज्या वटीत घालताव, आन् वरनं नारळ देताव? थू तुमच्या शिक्षणावर!" त्यांनी नारळ टेबलावर आपटला. तो घरंगळत जाऊन बब्रुवानरावांच्या पायाशी पडला. "दिग्या, तूच लिवलंस न्हवं? बोल की, कुनाचं हाय?"

दिग्विजय मान खाली घालून म्हणाला, "आज्जी, ते प्रोजेक्ट हाय गं. सगळेच करत्यात तसं."

मी उभी राहिले. "माझ्या आजीचं आहे. हरणाबाईचं. ईटच्या."

सारजाबाईंनी डोळ्यांवर हात धरून मला शोधलं. "जित्ती हाय का ती?"

"आहे."

"मंग म्या कशाला बसलेय हितं?" त्या उठल्या. जाता जाता नातवाला म्हणाल्या, "उद्याच्या उद्या जायाचं आन् त्या बाईच्या पायावर डोकं ठिवायचं. न्हाय गेलास तर माज्या मयताला हात लावायचा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'सारजाबाईंचा हृद्य सत्कार. उपस्थितांचे डोळे पाणावले.' त्यात खोटं काही नव्हतं म्हणा.

मी पहिल्या एसटीनं ईटला गेले. दिग्विजय पोचायच्या आत मीच आजीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "लई जनांनी लिवलं का?"

"हो."

"समद्यांनी माजीच पोर म्हनून?"

"नाही. काहींनी तुझं नाव ठेवलं, पण तुला आपापली आजी करून. दिग्विजयनं त्याच्या आजीची म्हणून लिहिलं."

आजी उठून ओट्यावर जाऊन बसली.

दुपारी पांढरी गाडी आली. दिग्विजय उतरला, मागून रणधीर सर. हातात साडीची पिशवी. ती कालचीच साडी होती, मी काठ ओळखला. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या प्रबंधाचं होऊन जाईल गं. वरचा ग्रेड देऊ. फक्त कुठं अर्जबिर्ज करत बसू नको, काय?" आणि खिशातून मोबाईल काढून त्यांनी कॅमेरा सुरू केला. पाया पडतानाचा फोटो पाहिजे होता त्यांना. मला वाटलं होतं, कालच्यानंतर आणखी किळस शिल्लक नसेल. होती!

आजी ओट्यावर बसली होती. दिग्विजय वाकला, तसे तिनं पाय मागं घेतले.

"कुनाचा रं तू?"

"दिग्विजय. चुकलं आज्जी, माफ करा."

"पाया मागनं पड. माजी गोष्ट तू लिवलीस म्हनं. मंग सांग बरं मला, पोरगा हुता का पोरगी?"

दिग्विजयनं रणधीर सरांकडं बघितलं. सरांनी कालच भोंग्यावरून डोळे पुसत ते पान वाचलं होतं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं नाही. मोबाईल त्यांच्या हातात तसाच वर धरलेला होता.

"पोरगा," दिग्विजय म्हणाला.

आजीनं मान हलवली. एवढ्यासाठी कुणी रागावतं का, अशी. "बरं," ती म्हणाली. "समृद्धे, चा टाक ह्येंना. आलेत तर चा घिऊन जाऊ दे. आन् ती पिशवी बी न्या संगं."

दोघं चहा प्याले. प्याले, बरं का! बशीत ओतून, फुंकर घालून. कप खाली ठेवले, पिशवी उचलली आणि गेले.

मी आत जाऊन नवीन वही आणली, पेन आणलं आणि तिच्याजवळ बसले. माझं डोकं तापलेलं होतं. "आजी, मी सगळं पहिल्यापासून लिहिते. ग्रेड गेला उडत. तुझ्या नावानं लिहिते आणि मीच छापते, कॉलेजला देतच नाही. हे बघ, एक राहिलंच होतं विचारायचं. तिचं नाव ठेवलं होतंस का काही?"

"ठिवलं हुतं की," आजी म्हणाली. "दोन दिस हाक मारली तिला."

"काय होतं?"

ती माझ्याकडं बघत होती. मग तिची नजर माझ्या हातातल्या पेनावर गेली.

"त्येवडं न्हाय सांगायची."

"का गं?"

"तुमी लोक लिवताव," आजी म्हणाली. तिनं सूप मांडीवर ओढलं आणि तुरीतला एक खडा वेचून अंगणात टाकला.